काळी माती, तांबडी माती आणि गिरणी

अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सुमारे दोनशे फूट उंचीचा हा काळा कातळ सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हा थिजून झाला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच सुमाराच्या लाव्ह्याने झाकला गेला आहे.

अशा कातळात पावसाचे पाणी शिरते, त्यातील सौम्य आम्ल खनिजे झिजवते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा दगड सुटतो. त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती. पण नुसता भुगा म्हणजे माती नव्हे. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा हवेची आणि पाण्याची असते. उरलेल्यात खनिजे, आणि थोडासाच, पण मोलाचा, कुजलेल्या पाल्याचा अंश. बोटभर थर जमायला शतके लागतात.

आता पाहा, बहुतेक ठिकाणी खडक एकाच जातीचा, पण पाऊस वेगळा. खानदेश-वऱ्हाडात तो बेताचा, म्हणून चुना जमिनीतच राहिला आणि ओल धरणारी चिकण काळी माती झाली. रत्नागिरीत तीन मीटरच्या आसपास पाऊस. त्याने चुना धुऊन नेला, लोह मागे राहून गंजले. तोच तांबडा जांभा.

काळ्या मातीत कापूस पिकला. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीत कापसाचे भाव भडकले, शहरात पैसा आला. पुढे गिरण्या वाढल्या आणि त्यांत रत्नागिरीचा माणूस मोठ्या संख्येने आला. काळ्या मातीचा कापूस आणि तांबड्या मातीचा माणूस एकाच साच्यावर भेटले!

युनियनच्या सभांत मी सारा दोष खोतावर टाकीत असे. एकदा एक म्हातारा गिरणी कामगार उठून म्हणाला, “खोती गेली, तरी पोरं मुंबईलाच आली ना?” खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. म्हाताऱ्याचे खरे होते. मात्र मुळात उणे पिकणाऱ्या जमिनीतून खोताने वाटा उचलला, हेही तितकेच खरे.

माझे वडील त्याच कोकणातले. आमच्या घाटकोपरच्या चाळीत ते तेलाच्या डब्यात टेकडीचा मुरूम भरून तुळस लावीत, ती जगेना. मग आई डब्यात चहाचा चोथा आणि भाजीची देठे टाकू लागली. पुढच्या पावसाळ्यात लावलेली तुळस जगली.