पदवी कुठलीही चालते, वय २१ ते २६ : मुख्यमंत्री फेलोशिप म्हणजे काय, अटी कोणत्या, तयारी कधीपासून? वाचा सविस्तर

भिवंडी : पदवी हातात आली की आपल्याकडच्या मुला-मुलींपुढे ठरलेल्या वाटा असतात. पोलीस भरती नाहीतर एमपीएससीचा क्लास, काल्हेर, मानकोली, पडघ्याकडच्या गोदामात नोकरी, किंवा रोज कल्याण-ठाण्याची ये-जा. आणखी एक वाट आहे, ती म्हणजे सरकारी धोरणाच्या कामातली फेलोशिप. तिची जाहिरात बघून अटी वाचायला घेतल्या तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. कारण तिथली एक अट पूर्ण करायला अख्खं वर्ष लागतं. म्हणून ही माहिती शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी तर वाचाच, पण एफवाय-एसवायच्या मुलांनी आधी वाचा.

तंत्रज्ञान धोरण म्हणजे नेमकं काय?

नाव जड आहे, विषय घरातला आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यानंतर रेशन, बँक, पेन्शन, सगळं हळूहळू त्या क्रमांकाला जोडलं गेलं. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची झाली. आता बांधावर रेंज नसेल तर काय करायचं? मुदत वाढवायची की दुसरी सोय द्यायची? हे ठरवणं म्हणजे तंत्रज्ञान धोरण.

ताजं उदाहरण लाडकी बहीण योजनेचं. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा लाभार्थी महिलेसोबत पती किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. ज्या बाईचे पती आणि वडील दोघंही हयात नाहीत, तिने ओटीपी कोणाचा टाकायचा? अशा महिला अडकल्या. पुढे सरकारने मुदत वाढवली आणि त्यांच्यासाठी कागदपत्रं देण्याची वेगळी सोय केली. फॉर्ममधल्या एका रकान्याने किती घरांची धावपळ झाली, ते गावातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तो रकाना ठरवताना गाव माहीत असलेला कोणी टेबलावर असता, तर हा प्रश्न आधीच निघाला असता. मुद्दा इथेच आहे.

फेलोशिप आणि नोकरी यात फरक काय?

फेलोशिप म्हणजे ठरावीक मुदतीसाठी मानधन घेऊन काम करत शिकणं. शिष्यवृत्ती शिक्षणासाठी मिळते, इथे रोज काम असतं. मुदत संपली की काम संपतं, कायम नोकरीची हमी नसते. अमेरिकेत शास्त्रज्ञांना सरकारी धोरणाच्या कामात पाठवणारी अशी फेलोशिप १९७३ पासून चालू आहे. आपल्या राज्यात २०१५ मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली. मध्ये ती बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे दर वर्षी जाहिरात येईलच असं धरून बसू नका.

मुख्यमंत्री फेलोशिपच्या अटी (२०२५-२६ च्या जाहिरातीनुसार)

• जागा : ६०. त्यातल्या एक तृतीयांश महिलांसाठी.
• वय : किमान २१, कमाल २६ वर्षे.
• शिक्षण : कुठल्याही शाखेची पदवी, किमान ६० टक्के गुण.
• अनुभव : एक वर्ष पूर्णवेळ काम.
• भाषा : मराठी लिहिता, वाचता, बोलता आलीच पाहिजे. हिंदी-इंग्रजी कामापुरती हवी. संगणक आणि इंटरनेट वापरता यायला हवं.
• मानधन : महिन्याला ५६,१०० रुपये आणि प्रवास व इतर खर्चासाठी ५,४०० रुपये, एकूण ६१,५०० रुपये.
• मुदत : १२ महिने.
• अर्जाची फी : ५०० रुपये.

योजना राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत राबवली जाते. फेलो जिल्ह्यात किंवा शासनाच्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करतात. सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम असतो. निवडीत आधी ऑनलाईन परीक्षा असते. त्यात सामान्य ज्ञान, तर्क, गणित, मराठी, इंग्रजी आणि माहिती तंत्रज्ञान येतं. त्यातून पुढे गेलेल्यांना निबंध लिहावे लागतात आणि शेवटी मुलाखत होते.

आपली मुलं अडतात ती इथे

६० टक्क्यांची अट सगळ्यांना कळते. अनुभवाची अट मात्र कागदावर अडकते. भिवंडी तालुक्यात पदवीनंतर वर्षभर गोदामात डेटा एन्ट्री, स्टॉक किंवा डिस्पॅचचं काम केलेली मुलं कमी नाहीत. काम पूर्णवेळ असतं, पण ते ठेकेदारामार्फत, पगार रोख आणि हातात पत्र नाही. मग ते वर्ष दाखवणार कसं?

म्हणून कामाला लागताना पहिल्या दिवशीच नेमणूक पत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. पगार बँक खात्यात घ्या. पीएफ कापला जात असेल तर यूएएन क्रमांक आणि पासबुक जपून ठेवा. काम सोडताना अनुभवाचा दाखला घेतल्याशिवाय निघू नका.

वर्षभराची इंटर्नशिप, अ‍ॅप्रेंटिसशिप किंवा आर्टिकलशिपही अनुभवात धरली जाते. त्यामुळे आयटीआय किंवा कंपनीतली अ‍ॅप्रेंटिसशिप वाया गेली असं समजू नका.

वयाचा हिशेबही आताच करा. २१ व्या वर्षी पदवी, एक वर्ष काम, म्हणजे २२ ते २६ एवढीच खिडकी उरते. एक-दोन वर्षं एटीकेटीत गेली आणि मध्ये योजनेलाच खंड पडला, तर संधी कायमची जाते.

दुसरी वाट : दिल्लीतली लॅम्प फेलोशिप

पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २०१० पासून ही फेलोशिप चालवते. यात पदवीधर तरुण एका खासदारासोबत पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत काम करतो. संसदेत विचारायचे प्रश्न तयार करणं, विधेयक वाचून टिपण काढणं, भाषणासाठी आकडे शोधणं, हे मुख्य काम. कुठल्याही शाखेची पदवी चालते, वय २५ पर्यंत. अनुभवाची अट नाही. मात्र इंग्रजी लेखन पक्कं लागतं आणि दिल्लीत राहावं लागतं. अलीकडे मानधन महिना २३,००० रुपये आहे. दिल्लीतल्या खोलीचं भाडं धरून घरच्यांशी आधी बोलून घ्या.

तयारी काय करायची?

१. एक सरकारी सेवा निवडा, उदाहरणार्थ उत्पन्नाचा दाखला. लोकसेवा हक्क कायदा २०१५ नुसार तो किती दिवसांत मिळायला हवा ते शोधा. मग गावातल्या २० जणांना विचारा, प्रत्यक्षात किती दिवस आणि किती फेऱ्या लागल्या. दोन पानं लिहा. निबंध आणि मुलाखत, दोन्हीला हे कामी येतं.

२. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. ठराव कसा होतो आणि पुढे त्याचं काय होतं, ते बघा.

३. नवे नियम आले की सरकार हरकती व सूचना मागवतं. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये असाच लोकांपुढे ठेवला होता. या कायद्यानुसार माहिती घेण्याआधीची सूचना मराठीतही वाचायला मिळाली पाहिजे. ती आजीला कळेल अशी लिहायची कोणी? असा एखादा मसुदा वाचा आणि आपली सूचना खरंच पाठवा.

४. स्वयम् पोर्टलवर सार्वजनिक धोरणाचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागते.

सावधान

"सीट करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. अर्ज शासनाच्या संकेतस्थळावरूनच भरला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवर आधार, ओटीपी किंवा बँकेचा तपशील टाकू नका. २०२५ ला अर्ज एप्रिल-मे मध्ये घेतले होते, त्यामुळे मार्चपासून जाहिरातीवर लक्ष ठेवा. नवी जाहिरात आली की अटी पुन्हा वाचा, कारण मानधन आणि नियम बदलतात. २०२३ ला हेच मानधन एकूण ७५,००० रुपये होतं.

घरात कोणी पदवीला असेल तर त्याला किंवा तिला आज एवढंच विचारा : वय किती, टक्के किती, आणि कामाचा कागद आहे का?