हिटलरला कोर्टानेच सोडलं होतं

हिटलर म्हटलं की आपल्याला थेट १९३३ आठवतं. पण मला विचाराल, तर त्याची गोष्ट १ एप्रिल १९२४ लाच संपायला हवी होती.

झालं असं. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री हिटलर पिस्तूल घेऊन म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये घुसला, छताकडे गोळी झाडली आणि सरकार उलथल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर गोळीबार झाला, चार पोलीस मेले. बंड फसलं.

देशद्रोहाचा खटला चालला. न्यायाधीशांनी त्याला तासन्‌तास बोलू दिलं. पेपरांनी ते देशभर पोचवलं. कायद्याने या ऑस्ट्रियन नागरिकाला हद्दपार करायला हवं होतं. कोर्ट म्हणालं, हा जर्मन सैन्यात लढलाय, राहू दे! १ एप्रिलला पाच वर्षांची शिक्षा झाली. सुटला कधी? त्याच वर्षी, २० डिसेंबरला.

१९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला फक्त २.६ टक्के मतं होती. मग महामंदी आली आणि १९३० मध्ये तीच १८.३ टक्के झाली. मंदी कोणी थांबवू शकलं नसतं. पण ती आली तेव्हा हिटलर बाहेर मोकळा होता, आणि ते थांबवणं कोर्टाच्या हातात होतं. मला राग येतो तो याचाच.