मनोऱ्याच्या पायथ्याची खोली

मुक्ताईनगर, म्हणजे जुने एदलाबाद, तापी-पूर्णेच्या काळ्या सपाटीवर वसले आहे. असा मुलूख मायक्रोवेव्ह दूरसंचाराला सोयीचा वाटतो, पण हिशेब वेगळा निघतो. याच पट्ट्यातले भुसावळ ते मलकापूर हे सुमारे ५० किलोमीटरचे अंतर एकच टप्पा धरले, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे, हवेतले वक्रीभवन जमेस धरूनही, मधोमध सुमारे ३७ मीटरचा फुगवटा आडवा येतो. ६ गिगाहर्ट्‌झच्या लहरीला त्यावर निदान १५ मीटर मोकळी जागा लागते. उंच मनोरे यासाठीच. लोकांच्या आठवणीतही तेच उरले. माझ्या मते मात्र मोठी क्रांती मनोऱ्याच्या पायथ्याशी, यंत्रांच्या खोलीत झाली. तिथली निर्वात नळी गेली आणि तिच्या जागी अर्धवाहक आला.

प्रवर्धनासाठी वापरली जाणारी प्रगामी-तरंग नळी काही हजार व्होल्टवर चाले, तिचा तंतू सतत तापलेला ठेवावा लागे आणि ठरावीक तासांनी ती बदलावी लागे. वीज वरचेवर जाणाऱ्या भागात हे फार महाग पडते. अर्धवाहकाला मात्र बॅटरीचे २४ किंवा ४८ व्होल्ट पुरतात. १९६०च्या दशकातली अडचण अशी, की ट्रान्झिस्टरला इतक्या उच्च वारंवारतेवर पुरेशी शक्ती देता येत नव्हती. त्यावरचा तोडगा मला विलक्षण वाटतो: काही शे मेगाहर्ट्‌झवर शक्ती तयार करायची आणि वॅरॅक्टर डायोडच्या साखळीतून वारंवारता पटीपटीने वाढवत न्यायची. प्रत्येक पायरीला बरीच शक्ती वाया जाई, तरी अभियंत्यांनी ती किंमत मोजली. १९६३ साली संशोधक गन यांनी गॅलियम आर्सेनाइडमधून थेट मायक्रोवेव्ह मिळवून दाखवल्या. पुढे त्याच द्रव्याचे ट्रान्झिस्टर आले.

यावर कोणी म्हणेल, नळी १० वॅट देई, तिथे १ वॅटने काय होणार? पण ३ मीटर व्यासाची तबकडी ६ गिगाहर्ट्‌झवर शक्ती एका दिशेला सुमारे २० हजार पट एकवटते, आणि अशी तबकडी दोन्ही टोकांना असते. त्यामुळे ५० किलोमीटरच्या टप्प्याला १ वॅट पुरतो. दुसरा आक्षेप, घरोघरी फोन पोचवले ते १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटच्या एक्स्चेंजांनी. हे खरेच आहे. पण एक्स्चेंज गावातले फोन जोडते, गाव जगाशी जोडायला मायक्रोवेव्हसारखी वाट हवी. त्याच वर्षी पवईला ‘समीर’ ही मायक्रोवेव्ह संशोधन संस्थाही उभी राहिली.

पायथ्याच्या खोलीची ही गोष्ट विसरली जाऊ नये, म्हणून टपाल-तार खात्याच्या किंवा रेल्वेच्या मायक्रोवेव्ह केंद्रांत ज्यांनी नोकरी केली, त्यांच्यापैकी कोणाच्या घरी जुनी लॉगबुके आणि मार्गांचे नकाशे असतील, तर ते रद्दीत घालू नयेत.