शोकांतिका पाहून मन हलके का होते?

१/ परंड्याचा किल्ला. १६०० साली चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली, अहमदनगर मोगलांनी घेतले. मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला परंड्यात गादीवर बसवले. १६३६ मध्ये निजामशाहीही संपली. शेवट ठाऊक असूनही ही कथा ऐकताना मन हेलावते. असे का व्हावे?

२/ इ.स.पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने उत्तर दिले: शोकांतिका प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भीती जागवते व त्यांचे 'कॅथार्सिस' घडवते. मराठी समीक्षेने त्यासाठी आयुर्वेदातला शब्द घेतला: विरेचन. साचलेले बाहेर पडते, मन हलके होते.

३/ भरतमुनींनी करुणरस सांगितला; तरी संस्कृत नाटकाने शोकान्त शेवट सहसा टाळला. मराठीत १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी 'थोरले माधवराव पेशवे' लिहिले. माधवरावांचा अकाली मृत्यू आणि रमाबाईंचे सती जाणे प्रेक्षकांना आधीच माहीत होते. पुढे काय होणार, हा प्रश्नच नव्हता. जे टळणार नाही ते जवळ येताना पाहायचे होते.

४/ राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. त्यांचे 'एकच प्याला' पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांना रडवले. पण भीती सुधाकराची होती. तो खलनायक नव्हे, बुद्धिमान वकील आहे. अपमानाच्या एका क्षणी त्याने पहिला प्याला उचलला. असा क्षण कोणाच्याही आयुष्यात येऊ शकतो.

५/ आता उलट उदाहरण. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' (१९०७) ही शोकांतिका नव्हे, परंतु द्रौपदीची विटंबना पाहून करुणा तीच दाटते. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीत पारतंत्र्यातला देश दिसला. रंगमंचावर भीम कीचकाला मारी. नाटकगृहाबाहेर सत्ता तशीच असे. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.

६/ फरक इथेच आहे. करुणा आणि भीती यांना अश्रू पुरतात, क्रोधाला पुरत नाहीत. सुधाकरासाठी रडून प्रेक्षक शांत होऊन घरी जातो. कीचक पाहून तो अस्वस्थ होऊन बाहेर पडतो. परंड्याच्या तटावर उभे राहून चांदबिबीसाठी निवांत हळहळता येते, कारण तिचे मारेकरी आता कोणी उरलेले नाहीत.