निळं बाळ, दुमडलेले गुडघे आणि नर्सचं रजिस्टर

जन्मजात हृदयदोषाचा इतिहास वाचायला घेतलात की एक तारीख भेटतेच: २९ नोव्हेंबर १९४४. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ब्लेलॉक यांनी 'निळ्या बाळा'वर शस्त्रक्रिया केली. कल्पना हेलन टॉसिग यांची, प्रयोगशाळेतली मेहनत व्हिव्हियन थॉमस यांची. नर्सचं नाव शोधून बघा बरं!

खरं तर अशी मुलं खेळता खेळता आपणहून उकिडवी बसतात. त्यानं पायांकडचा रक्तप्रवाह अडतो आणि फुफ्फुसाकडे जास्त रक्त वळतं. म्हणूनच आजही बाळ निळं पडलं की नर्स त्याचे गुडघे छातीशी दुमडते, शांत करते, ऑक्सिजन लावते. पण हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र असेल, तर जादा ऑक्सिजननं फुफ्फुसात रक्ताची गर्दी वाढते. नळी तीच, परिणाम उलटा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमधून सुरू झाला (तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं). पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात, हृदयदोषही शोधतात. ऑपरेशन होऊन पेण-रोह्याला परतलेल्या बाळाला खोकला झाला, तर त्याचे श्वास मोजायचे कुणी, लिहायचे कुठे? विषय शोधताय ना? तिथल्या सरकारी रुग्णालयातली रजिस्टरं मागा. आधी नैतिकता समितीची परवानगी तेवढी घ्या.