पाटीपासून पाटीपर्यंत

वडिलांनी माझ्यासाठी जी इस्टेट मागे ठेवली, तिची मोजदाद करायला चार्टर्ड अकौंटंट लागत नाही. माझ्यासारखा साधा बी. कॉम. पुरतो. एक सायकल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि पुस्तकांची दोन कपाटं. सायकल गंजली, घड्याळ थांबलं, पुस्तकं मात्र वाढत गेली. चक्रवाढ म्हणजे काय हे मला बँकेत नव्हे, घरीच कळलं.

गेल्या वर्षी डोंबिवलीतली आमची बिल्डिंग पाडायला निघाली. "तीन वर्षांत नवा फ्लॅट," असं बिल्डर म्हणाला. (बिल्डरचं एक वर्ष म्हणजे माणसांची किती, हे कोष्टक अजून कुठल्याही पंचांगात आलेलं नाही.) तोवर भाड्याच्या वन रूम किचनमध्ये मी, सौ., कन्या, आई आणि ही दोन कपाटं. सौ.नं टेप घेऊन खोली मोजली आणि निकाल दिला, "एक तर आई मावतील, नाही तर कपाटं."

मी क्षणभर विचारात पडलो. त्या क्षणभराबद्दल आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही.

तोडगा कन्येनं काढला. "बाबा, ई-रीडर घ्या. दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि हजारो पुस्तकं आत." तिच्या मते प्रश्न मिटला. पण बँकेतल्या माणसाला तोडगा पुरत नाही. त्याला आधी 'प्रिसीडंट' लागतं. यापूर्वी असं कोणी केलं होतं का, केलं तर त्याचं काय झालं, आणि चौकशी कोणावर बसली? म्हणून मी जुनं रेकॉर्ड काढायला बसलो. ते निघालं पाच हजार वर्षांपूर्वीचं.

इराकच्या भूमीत तेव्हा मातीच्या ओल्या पाट्यांवर बोरूनं खुणा उमटवून लिहीत. या सर्वांत जुन्या पाट्यांवर काय असेल असं वाटतं? काव्य? प्रार्थना? छे! बहुतेकांवर हिशेब आहेत. इतकं सातू आलं, इतकी बिअर मजुरांना वाटली, इतकी मेंढरं जमा. म्हणजे मंडळी, जगातला पहिला लेखक कवी नव्हता, क्लार्क होता! हे वाचून मी त्या दिवशी ऑफिसात जरा ताठ मानेनं वावरलो.

पुढे असीरियाचा राजा अशुरबनिपाल यानं इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकात निनेव्हे इथे मोठं ग्रंथालय जमवलं. त्याच्या पाट्यांवर, जो कोणी ही पाटी पळवील त्याचं देव वाटोळं करो, अशा अर्थाचे शाप कोरलेले सापडतात. पुस्तक 'दोन दिवसांसाठी' नेऊन परत न करणारे शेजारी त्या काळीही होते, एवढाच याचा अर्थ. इ. स. पू. 612 मध्ये शत्रूंनी निनेव्हे जाळलं. आमची रेकॉर्ड रूम जळाली असती तर काय उरलं असतं? तिथे उलट झालं. मातीची पुस्तकं आगीत भाजून पक्की झाली! आज त्यांतल्या सुमारे तीस हजार पाट्या आणि तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मातीच्या पुस्तकाला ना वाळवी, ना बॅटरी. दोष एकच. झोपून वाचताना हातातून सुटलं, तर नाक गेलं.

मग आली पॅपिरसची गुंडाळी. ती वाचायला दोन्ही हात लागत. एका हातानं उलगडायची, दुसऱ्यानं गुंडाळायची आणि मागचा संदर्भ हवा असला, की साडीची घडी विस्कटावी तशी सगळी विस्कटायची. पहिल्या शतकात रोममध्ये मार्शल नावाचा कवी होऊन गेला. त्यानं वाचकांना सुचवलं, की प्रवासात माझ्या कविता सोबत हव्या असतील, तर चामड्याच्या पानांची छोटी वही विकत घ्या, एका हातात मावते. मला तर हा कवी सकाळच्या डोंबिवली फास्टनं अप-डाऊन करत असावा असंच वाटतं. एक हात वरच्या कडीला हवा, हे त्याशिवाय सुचणार नाही. तरीही ही पानांची वही गुंडाळीला मागे टाकायला चौथं शतक उजाडलं. आणि दैव पाहा, मोबाईलवर आपण बोटानं मजकूर वर सरकवतो, त्याला पुन्हा 'स्क्रोल' म्हणजे गुंडाळीच म्हणतो.

छापखाना आला तेव्हा तर कहरच झाला. गुटेनबर्गचं बायबल 1455 च्या सुमारास छापून झालं. 1492 मध्ये जर्मनीतल्या ट्रिथेमियस नावाच्या एका मठाधिपतीनं हातानं नकलून काढणाऱ्यांची स्तुती करणारा ग्रंथ लिहिला. चामड्यावर हातानं लिहिलेलं हजार वर्षं टिकेल, छापलेला कागद किती टिकणार, म्हणून मठवासीयांनी नकलणं सोडू नये, असा त्याचा आग्रह. आणि 1494 मध्ये हा ग्रंथ त्यानं छापून घेतला! यंत्राविरुद्धची तक्रार यंत्रावरच करावी लागते, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

आता आपल्या घरचं पाहू. हिंदुस्थानात पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्यात उतरला. तो निघाला होता खरं तर ॲबिसिनियाला. म्हणजे आपल्याकडे छपाई आली तीच चुकीच्या पत्त्यावर पडलेल्या पार्सलासारखी. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यातल्या राशोल इथे छापलं गेलं. भाषा मराठी, अक्षरं मात्र रोमन. मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत पाठवणाऱ्या माझ्या भाच्याला मी एरवी रागावतो. त्याला इतका जुना दाखला आहे हे त्याला कळू नये, एवढीच इच्छा.

पण मला खरा जिव्हाळा वाटतो तो मुंबईच्या गणपत कृष्णाजींबद्दल. अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून या गृहस्थानं स्वतःचा छापखाना उभारला आणि 1831 मध्ये शिळेवर मराठी पंचांग छापलं. अडचण निघाली ती शाईची. शाईत चरबी असते, म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवेनात. गोविंद नारायण माडगांवकरांनी 1863 च्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात या भीतीची नोंद केली आहे. गणपत कृष्णाजींनी वाद घातला नाही, मोर्चा काढला नाही. त्यांनी शाईत तूप घातलं! आणि त्या काळच्या छापील पोथ्या पाहिल्यात? आडव्या, सुट्या पानांच्या, हुबेहूब हस्तलिखितासारख्या. नवं यंत्र जुन्या माणसाच्या घरात शिरतं ते असं, जुनेच कपडे घालून.

कन्येच्या ई-रीडरचंही तेच. त्याला 'पान' आहे, 'खूण' आहे. पडदासुद्धा कागदासारखा मळकट पांढरा. आत केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या, त्यांत काळे आणि पांढरे कण. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. पान उलटतानाच काय ती वीज लागते. एरवी ते अक्षर फुकटात बसून राहतं, आमच्याकडे लंच टाइमनंतर काही मंडळी बसतात तसं. 2007 मध्ये अमेरिकेत किंडल 399 डॉलरला बाजारात आलं आणि साडेपाच तासांत संपलं. 2016 च्या अखेरीस त्यावर मराठी पुस्तकंही आली. थोडक्यात, पाच हजार वर्षांनी माणूस पुन्हा पाटी घेऊन बसला.

इतकं रेकॉर्ड पाहिल्यावर मी 'शिफारस करण्यात येते' असा शेरा मारणार होतो. पण सवयीनं खालच्या बारीक टायपातल्या अटी वाचल्या. कर्जाच्या फॉर्मवरचा बारीक टाइप इतरांकडून न वाचता सह्या करून घेण्यात माझी नोकरी गेली. तो स्वतः वाचायची ही पहिलीच वेळ. आणि हबकलो. बटणावर 'खरेदी' असं असलं, तरी अटींत पुस्तक विकलेलं नसतं, वाचायचा परवाना दिलेला असतो. ताबा माझा, मालकी त्यांची. आम्ही गाडीच्या कर्जात असंच करतो, पण तिथे हप्ते संपले की गाडी तरी आपली होते.

हा पोकळ संशय नव्हे. जुलै 2009 मध्ये, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असं आढळल्यावर, ॲमेझॉननं ऑर्वेलची दोन पुस्तकं गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. त्या दोहोंतलं एक होतं '1984', ज्यात सरकार नकोसे कागद भट्टीत नाहीसे करतं! 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. निनेव्हेला आग लावूनही जे जमलं नाही, ते इथे एका बटणावर झालं.

आणखी एक गोष्ट मला बँकवाल्याला खटकली. आमच्याकडे पाचशे रुपयांच्या खात्यालाही वारसाची नोंद लागते. या पुस्तकांना तो कॉलमच नाही! परवाना सहसा दुसऱ्याच्या नावावर होत नाही. वडिलांची दोन कपाटं माझ्याकडे आली, कोणी सही मागितली नाही. माझी हजार पुस्तकं कन्येकडे कशी जाणार?

हे सगळं मी घरी तावातावानं सांगितलं. आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "वारसाचं तुम्ही पाहा. मला तीन वर्षं ज्ञानेश्वरी वाचता आलेली नाही."

खरंच होतं. तिच्या डोळ्यांना छापील अक्षर लागत नव्हतं. चष्मे झाले, भिंग झालं, बल्ब बदलले. रोज सकाळी पोथी उघडून ती नुसती बसायची, आणि तिला पाठ आहे असं समजून आम्ही आपापल्या गाड्या गाठायचो.

यंत्र आलं. आईचा पहिला प्रश्न, "ह्यात चामडं-बिमडं नाही ना?" मला गणपत कृष्णाजी आठवले. बरोबर आलेलं चामड्यासारखं कव्हर मी निमूटपणे काढलं, सौ.नं जुन्या खणाचं शिवून दिलं. ते आमचं तूप! कन्येनं ज्ञानेश्वरी उघडली आणि दोन बोटं फाकवून अक्षर मोठं केलं. इतकं मोठं, की पानावर मोजून पाच-सहा ओळी राहिल्या. आई वाचू लागली. त्या दिवशी मी मुद्दामच एक गाडी सोडली.

तेव्हा ताळेबंद असा झाला. तीन खोकी पुस्तकं वाचनालयाला दिली. ज्यांत नुसता मजकूर होता, तो कुठेही मिळेल अशी. एक ट्रंक ठेवली. जिच्यातल्या पुस्तकांत मजकुराखेरीज माणूसही होता. वडील पोस्टात होते. कागद वाया घालवणं त्यांना पाप वाटे, म्हणून घरचा हिशेब पुस्तकांच्या समासात. त्यांच्या ज्ञानेश्वरीत ओव्यांच्या कडेनं दूध, रॉकेल, भिशी असं सगळं आहे. बाराव्या अध्यायाच्या एका पानावर बारीक अक्षरात आहे, 'हिला ताप 103. रजा घेतली.' दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत, '101.' तिसऱ्या दिवशी नुसतंच, 'भात खाल्ला.'

परवा आई म्हणाली, "ह्या पाटीत त्यांचं लिहिलेलं दिसत नाही रे." मी ट्रंक उघडून पोथी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ते पान बरोबर काढलं, डोळे बारीक केले, आणि सवयीनं त्या पिवळ्या कागदावर दोन बोटं ठेवून फाकवली. अक्षर काही मोठं झालं नाही.

मग मीच वाचून दाखवू लागलो. "हिला ताप 103. रजा घेतली. दूध, एकूण साडेअकरा लिटर..."

"साडेअकरा नव्हे, अकरा," आई म्हणाली. "तो गवळी दर महिन्याला अर्धा लिटर जास्त लावायचा. आणि तुझे वडील खुशाल लिहून घ्यायचे."

मी पेन काढलं आणि समासात दुरुस्ती करून बाजूला सही केली. बँकेत खाडाखोडीवर सही लागते.