भूकंपाचे माप आणि माळवदाचे वजन

भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक आकडा छापून येतो आणि चार दिवस तो सर्वांच्या तोंडी असतो. या आकड्याने नेमके काय मोजले जाते आणि काय मोजायचे राहून जाते, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. आम्ही कामगार चळवळीतले; भूगर्भशास्त्र शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु भिंत पडली की तिच्याखाली कोण सापडतो, हा विषय आम्हांला परका नाही.

पृथ्वीच्या कवचात खडकांवर वर्षानुवर्षे ताण साचत असतो. तो असह्य झाला म्हणजे एखाद्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकाएकी सरकतात आणि लहरी चोहीकडे धावतात. पुढेमागे ढकलणाऱ्या प्राथमिक लहरी आधी पोचतात, आडवे हेलकावे देणाऱ्या दुय्यम लहरी मागून येतात, आणि पृष्ठभागावरून जाणाऱ्या सर्वांत शेवटी. हा भेद यंत्राच्या नोंदींतून स्पष्टपणे ओळखला तो आपल्याच देशात नोकरीस असलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. हे गृहस्थ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात होते. उलथलेले खांब, जागचे उडालेले धोंडे तपासून त्यांनी धक्क्याचा जोर अजमावला. म्हणजे त्या काळी पडलेले बांधकाम हेच मोजण्याचे यंत्र होते! त्या भूकंपाच्या लहरी दूर युरोपातल्या यंत्रांवरही उमटल्या होत्या. त्यांचा अभ्यास करून त्यांनी तिन्ही प्रकार वेगळे केले. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलकत्त्यास अलीपूर येथे भूकंपमापक बसला. या यंत्राचे तत्त्व साधे आहे. जमीन हलली की चौकट हलते, पण चौकटीत टांगलेले जड वजन जडत्वामुळे मागे राहते. त्या दोहोंतला फरक कागदावर रेघ होऊन उमटतो.

शिलाँगच्या लोकांनी त्या भूकंपापासून दुसराही धडा घेतला. दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या होत्या. पुढे तिकडे लाकडी सांगाडा, बोरूच्या लिंपलेल्या भिंती आणि वर पत्रा, अशी हलकी घरे रूढ झाली.

आकडा मात्र बराच उशिरा आला. १९३५ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी आपली श्रेणी मांडली. तीत एक अंक वाढला की रेघेचा झोका दसपट होतो आणि ऊर्जा सुमारे बत्तीसपट. आज शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपांसाठी १९७९ मध्ये सुचविलेली निराळी श्रेणी वापरतात. भेगेचा किती भाग किती सरकला यावर ती आधारलेली आहे. रिश्टरचे नाव आपल्या तोंडी सवयीने राहिले. या परिमाणाहून तीव्रता वेगळी. ती जागोजागची हानी पाहून ठरवितात. इटलीतील मेर्काली या धर्मगुरूंची तीव्रताश्रेणी १९०२ ची. एका भूकंपाचे परिमाण एकच, तीव्रता गावागणिक निराळी.

दख्खनचे पठार स्थिर आहे असा समज कोयनेने मोडला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ परिमाणाचा धक्का बसला, सुमारे १८० माणसे गेली, १०३ मीटर उंचीच्या धरणालाही तडे गेले. जलाशय भरल्यानंतर तेथे धक्के वाढले, आणि पाण्याचा भार व खडकात झिरपणारे पाणी यांनीच साचलेला ताण मोकळा केला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा धक्का ६.२ चा. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास हजारो मेले. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे ६.७ चा भूकंप झाला. त्याची ऊर्जा किल्लारीच्या पाचपटींहून अधिक. वेळ तीच, पहाटे साडेचारची. तेथील मृतांची संख्या साठाच्या आसपास. किल्लारीचा धक्का अधिक उथळ होता, हे खरे. परंतु तेवढ्याने हा हिशेब जुळत नाही.

जुळतो तो माळवदाने. दोन-तीन फूट रुंदीच्या भिंती, बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन थर, मध्ये चिखल आणि कपच्या. वर तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून माती वाढतच जायची. ऊन्हाळ्यात हे घर थंड, साहित्य गावचेच. यात अडाणीपणा शोधणाऱ्यांनी मराठवाड्यातला एक मे महिना पत्र्याखाली काढावा. पण हादरा बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि टनावारी माती झोपलेल्यांवर आली. ज्या घरांत माळवद भिंतींवर न टेकता लाकडी खांबांवर उभे होते, तेथे कित्येकदा भिंती बाहेर कोसळल्या, सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसे वाचली. लाकूड मात्र महाग. ते ज्याला परवडे, त्याच्याच घरात असे.

असे जुने घर पाडावेच लागते असे नाही. माळवदावरची माती कमी करावयाची, भिंतीत ठरावीक अंतरावर तिच्या आरपार जाणारे लांब दगड बसवून दोन्ही थर बांधून घ्यावयाचे, आणि दारा-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा फिरवावयाचा. एकदा दाखवून दिले तर गावच्या गवंड्याला जमणारी ही कामे आहेत.